दाणेदार तेवढं घे

सुमतीताईंबद्दल लिहायला बसलो की पहिलं वाक्य त्यांच्याबद्दलचं येत नाही, माझ्याबद्दलचं येतं. म्हणून ते आधी लिहून टाकतो. ज्या द्राक्षपेशींवर ताईंनी उमेदीची वर्षं घातली, त्या पेशी त्यांच्या हातून बिघडल्या नव्हत्या, माझ्या हातून बिघडल्या होत्या. ताईंना हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी दहिवडीजवळच्या आमच्या गावी होतो. श्रावण असूनही माणात आभाळ कोरडंच होतं आणि मी वडिलांबरोबर मेंढरांच्या वाड्यात उभा होतो. फोन आला तो आष्ट्याहून, ताईंच्या वडिलांचा, आप्पांचा. "दत्ता, सुमी गेली रं," एवढंच ते म्हणाले आणि थोड्या वेळानं, "सकाळी चहा दे म्हणाली… मी आणेपर्यंत गेली." फोन ठेवल्यावर मला आधी दुःख झालं नाही. आता सांगायला कुणी उरलं नाही, असं वाटलं, आणि त्या वाटण्यात किंचित सुटका होती. त्या सुटकेची लाज अजून जात नाही.

सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत मी रुजू झालो तेव्हा ताई तिथं वरिष्ठ होत्या. वनस्पतीच्या एका तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं हे त्यांचं काम. पहिल्या दिवशी मी बूट घालूनच आतल्या खोलीत शिरलो. ताई निर्जंतुक हवेच्या कपाटापुढं स्टुलावर बसल्या होत्या, मान न वळवता म्हणाल्या, "कोण गाव?" मी म्हणालो, "माण." "तरीच. तिकडं पाऊस नाही, त्यामुळं पाय पुसायची सवय नाही." मी खजील होऊन मागं फिरलो तर हसल्या. "अरे, माझ्या वडिलांचा ऊस आहे आष्ट्यात. आम्ही चिखलाचे पाय घेऊन घरात येतो आणि बोलणी खातो. जा, बूट काढून इथल्या चपला घालून ये." त्या दिवसापासून मी त्यांचा 'माणदेशी' झालो. आनंदात असल्या की माणदेशी आणि रागावल्या की दत्तात्रय.

त्या जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायच्या. प्रयोगशाळेत घड्याळाकडं कुणी बघत नसे. पश्चिमेच्या खिडकीशी ताईंचा डबा उघडला की दिवस संपत आला हे सगळ्यांना कळायचं. कांदा, बटाटा, लसूण त्यांच्या डब्यात कधी नसे, पण हरभऱ्याच्या डाळीची आमटी अशी असायची की आम्ही आमच्या घरच्या भाज्या बाजूला सारून तिच्यावर तुटून पडायचो. एकदा आप्पा सांगलीला काही कामानं आले होते. लेकीचं काम बघायला म्हणून आत आले आणि मोठ्या प्रेशर कुकरसारखा आमचा ऑटोक्लेव्ह बघून विचारलं, "ह्यात काय शिजवता?" ताई म्हणाल्या, "जंतू मारतो आप्पा, भांडी निर्जंतुक करायला." आप्पांनी वाकून आत पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी दिवसभर जीव मारायचं आन् जीव पडंल म्हणून दिवसाउजेडी जेवायचं. ब्येस हाय." ताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. पण ते बोलणं त्यांनी हसण्यावारी नेलं नव्हतं, हे मला पुढं कळलं.

दरवर्षी पर्युषण संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. त्या दिवशी जैन माणसं घरोघरी जाऊन एकमेकांची क्षमा मागतात. ताई त्या दिवशी प्रयोगशाळेतही सगळ्यांपुढं हात जोडायच्या. साहेबांपुढं, माझ्यापुढं, झाडलोट करणाऱ्या मावशींपुढं. "वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा." मग आम्हीही तेच वाक्य त्यांना परत म्हणायचो. सगळ्यांचं झालं की त्या ऑटोक्लेव्हजवळ जायच्या. पेशी वाढवायच्या ज्या बशा फेकून द्यायच्या त्यांची पिशवी तिथं ठेवलेली असायची, बुरशी लागलेल्या, वाळलेल्या पेशींची. तिच्यापुढंही क्षणभर हात जोडायच्या. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, "हसा. आप्पांनी शिकवलंय ते चुकीचं नाही."

आता त्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. ते कळल्याशिवाय माझी चूक कळायची नाही. पलूसला ताईंच्या बहिणीच्या घरी द्राक्षबाग आहे. अवेळी पाऊस झाला की पानांवर डाऊनी हा रोग येतो, आणि मग फवारणीमागून फवारणी. तिथं एकदा बांधावर उभं असताना फवाऱ्याखाली मरून पडलेल्या मधमाश्या ताईंनी पाहिल्या होत्या. वेलीच्या ज्या जनुकाच्या आधारानं रोग पानात शिरतो, ते जनुकच बंद करता आलं तर फवारण्या पुष्कळ कमी होतील, हे त्यांनी मनात घेतलं. जनुक नेमकं कापणारी रेणूंची कात्री आता जगभर मिळते. ती बनवणं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते तिला वनस्पतीच्या पेशीत पोचवणं. प्राण्याच्या पेशीला नुसता पातळ पडदा असतो, वनस्पतीच्या पेशीभोवती भिंत असते. ती ओलांडायचे रस्ते थोडे. मातीतल्या एका जिवाणूच्या पाठीवर बसवून धाडायची, पण मग त्या जिवाणूनं आणलेला परका तुकडा वेलीत शिल्लक राहतो. नाहीतर सोन्याच्या कणांना चिकटवून बंदुकीनं आत मारायची. ताई म्हणायच्या, "बंदूक? अगं बाई. आप्पा घरात घेणार नाहीत मला."

त्यांनी तिसरा रस्ता धरला. पेशीची भिंत विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, हळूहळू विरघळवायची. मग पेशी उघडी, गोल होते, साबणाच्या फुग्यासारखी. अशा पेशींमध्ये कात्री सोडायची आणि एक रसायन घालायचं, त्यानं पडदा थोडा वेळ सैल होतो आणि कात्री आत जाते. आपलं काम करून ती आत विरघळून जाते, मागं परकं काही उरत नाही. "पाहुण्यासारखं," ताई म्हणायच्या. "यावं, काम करावं, चहा घेऊन निघावं." उघडी पेशी इतकी नाजूक की द्रव ओढण्याच्या नळीच्या टोकाला घासली तरी फुटते. म्हणून ताई त्या प्लॅस्टिकच्या टोकांचा निमुळता भाग पात्यानं कापून टाकायच्या, तोंड रुंद व्हावं म्हणून. त्यांच्या टेबलाखालच्या डब्यात ती कापलेली टोकं साठलेली असायची, शेंगांच्या फोलपटांसारखी.

पण पेशीत कात्री गेली म्हणजे झालं असं नाही. त्या एका पेशीपासून पुन्हा वेल उभी राहिली पाहिजे, आणि ते सगळ्या पेशींना जमत नाही. त्यासाठी द्राक्षाच्या न उमललेल्या कळ्या लागतात आणि त्या वर्षातून एकदाच, ऑक्टोबर छाटणीनंतर थोडे दिवस मिळतात. त्यांतले पुंकेसर बशीत वाढवले की पेशींचा गोळा तयार होतो, त्याला आम्ही कॅलस म्हणतो. त्या गोळ्यात दोन प्रकार मिसळलेले असतात. एक पांढरा, ओलसर, भराभर फुगणारा. दुसरा पिवळसर, दाणेदार, हळू वाढणारा, दिसायला मरतुकडा. वेल व्हायची ताकद या दुसऱ्यातच असते. ताईंना असा एक गोळा कितीतरी हंगाम वाट पाहिल्यावर मिळाला होता. तो जिवंत ठेवायचा तर थोड्या थोड्या आठवड्यांनी त्यातला तुकडा निवडून नव्या बशीत हलवावा लागतो.

त्याच सुमारास ताईंची आई अंथरुणाला खिळली आणि ताई रजा घेऊन आष्ट्याला गेल्या. बशा माझ्या स्वाधीन केल्या. कपाटापुढं मला शेजारी बसवून चिमट्यानं दाखवलं, "दाणेदार तेवढं घे. पांढऱ्याच्या नादी लागू नकोस. ते दिसायला गुबगुबीत असतं, आत काही नसतं." मी हो म्हणालो आणि सुरुवातीला तसंच केलं. पण दाणेदार भाग वाढेचना. बशी उघडली की तो तसाच, वाळक्या शेंगदाण्याच्या कुटासारखा, आणि शेजारी पांढरा भाग कसा टवटवीत. मी माणातला माणूस. आमच्याकडं जे कोकरू अंग धरतं त्याला जपतात, खुरटलेल्याला पाजायला पाणी कुठून आणायचं? ताईंची आई गेली, त्यांचं येणं लांबलं आणि मला भीती वाटू लागली की त्या येतील तेव्हा बशीत काहीच नसेल. मी पांढरं उचलू लागलो. आधी दोन्ही थोडं थोडं, मग जास्त पांढरंच. खुरटलेलं दाणेदार मी पिशवीत टाकलं, ऑटोक्लेव्हसाठी.

ताई परत आल्या तेव्हा बशा भरलेल्या होत्या. "एवढं वाढवलंस व्हय रे?" त्या म्हणाल्या, आणि मग, "दाणेदार तेवढंच घेतलंस ना?" मी म्हणालो, "हो ताई." तेव्हा मला ते फारसं खोटं वाटलं नाही. थोडा दाणेदार भाग उरलाही होता, आणि मिसळलेल्या गोळ्यात तोच वर दिसायचा. त्यातून त्यांनी पडताळ्यासाठी चार रोपं उगवून पाहिली, ती आली, त्यांचं समाधान झालं. त्यांनी काम सुरू केलं. पेशी सुंदर उघडल्या. कात्री आत गेली. तपासणीत दिसलं की जनुक नेमकं हवं तिथं कापलं गेलंय. त्या दिवशी ताईंनी सगळ्यांना पेढे वाटले आणि आप्पांना फोन लावून सांगितलं, "आप्पा, पाहुणा पोचला." पण त्या पेशी वाढून नुसते गोळे झाले, वेल होईना. एक हंगाम, दुसरा हंगाम… ताईंनी रसायनाचं प्रमाण बदललं, वेळ बदलली, विकर बदलले. नळ्यांची टोकं आणखी रुंद कापली. एकदा मला म्हणाल्या, "पेशीच थकल्यात का रे?" मी म्हणालो, "चांगल्या तर वाढतायत ताई."

मग मला दुसऱ्या गावी प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या बाईंनी पडद्यावर दोन बशांची चित्रं दाखवली आणि म्हणाल्या, निवडताना चुकलात तर काही महिन्यांत गोळा दिसायला छान आणि कामाला वांझ होतो, आणि एकदा झाला की परत फिरत नाही. मी पडद्याकडं बघत होतो. ती माझीच बशी होती. इथपर्यंत माझी चूक अजाणतेपणाची होती. इथून पुढची तशी नाही.

परत आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. पण परत आलो तो आढावा बैठकीच्याच दिवशी. टेबलाभोवती साहेब मंडळी, मी ताईंच्या शेजारी. काम का पुढं सरकत नाही, असं कुणीतरी विचारलं. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कात्री आत जाते, पण त्या धक्क्यातून पेशी उठत नाहीत. मला वाटतं दोष माझ्या हाताचा आहे. हात जड पडतोय माझा." मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या कायम होण्याचा कागद त्याच साहेबांपुढं होता, हे खरं, पण ते एकच कारण नव्हतं. दोन हंगाम ताई स्वतःला तपासत होत्या आणि मी शेजारी बसून त्यांना चहा आणून देत होतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं, तेच कळेना. मी गप्प राहिलो. काम बंद झालं. ताईंकडं केळीची रोपं आली. ती त्यांनी मन लावून केली, कारण मन न लावता काही करणं त्यांना येतच नव्हतं. पात्यानं टोकं कापणं मात्र थांबलं.

त्यानंतरही दरवर्षी क्षमावाणी यायची. ताई हात जोडायच्या, "कळत-नकळत…" आणि मीही हात जोडून तेच म्हणायचो. घाईघाईनं. त्या वाक्यात माझी चूक मावत होती, आणि म्हणूनच ते वाक्य मला सोयीचं होतं. दरवर्षी मी क्षमा मागत होतो आणि एकदाही मागत नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं आजारपण वाढलं तेव्हा मी आष्ट्याला गेलो. घरीही त्यांनी पश्चिमेची खिडकी शोधली होती. तिच्याशी पाट मांडून, दिवस असताना दोन घास खात होत्या. नवी पोरं काय करतात, असं विचारलं. मी म्हणालो, "उसावर बंदूक चालवतायत." "चालवू दे," त्या हसल्या. "बंदुकीला हलका हात लागत नाही." मग हातावरचं पाणी पुसलं आणि दोन्ही तळवे उन्हात धरून बघत राहिल्या. "हात हलका असता माणदेशी, तर झालं असतं रे ते." खोलीत आम्ही दोघंच होतो. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हणालो, "ताई, दुपारचं औषध घेतलं का?"

त्यानंतर श्रावणातला तो फोन.

यंदाची क्षमावाणी ताईंवाचून आली. आदल्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी ताईंची जुनी फाइल काढून चाळली. मग म्हणाले, "म्हणजे पद्धत बरोबर होती." मी म्हणालो, "पद्धत बरोबर होती आणि हातही." माझ्याबाबत काय करायचं ते ते ठरवतील, पण काम पुन्हा उघडायचं असं त्यांनी तिथंच ठरवलं. पलूसला आता छाटण्या सुरू आहेत. कळ्या लागतील तेव्हा ताईंच्याच बहिणीच्या बागेतून नवे पुंकेसर आणायचे. यश येईलच, असं मी म्हणत नाही. तो दाणेदार गोळा पुन्हा मिळायलाच काही हंगाम जातील.

क्षमावाणीच्या दुपारी आष्ट्याला पोचलो. सोप्यात आप्पा बसले होते, माणसं येऊन हात जोडून जात होती. मला बघून ते उठायला लागले. ऐंशी ओलांडलेला माणूस, माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "दत्ता, कळत-नकळत आमचं काय चुकलं आसंल तर…" मी त्यांचे हात धरले. म्हणालो, "आप्पा, मी ते वाक्य म्हणू शकत नाही. माझं एकदा नकळत झालं. पुढं सगळं कळून झालं." आणि सांगितलं. पांढरं, दाणेदार, बैठक, सगळं. मध्ये कुणी आलं की आप्पा हातानंच थांबा म्हणायचे.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी तिचा हात जड न्हवता?"

"नव्हता आप्पा. इतका हलका हात मी पाहिला नाही."

आप्पा भिंतीकडं बघत होते. "भाकरी थापताना म्हणायची… आप्पा, माझा हात जड हाय, भाकरी फाटती. मी म्हणायचो, फाटती कुठं गं? चांगली तर हाय." धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले. "हे तिला सांगायला पायजे हुतंस रं. लय उशीर केलास."

"हो."

"माझ्याकडनं माझी क्षमा हाय. तिची मी कशी देऊ?" थोड्या वेळानं त्यांनी आतल्या खोलीकडं हात केला. "जा. तिला सांग. आन् मग जेवून जा, दिवस हाय तवर."

आत खिडकीशी पाट तसाच मांडलेला होता. ऊन त्याच्यावर आलं होतं. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि हात जोडले. सवयीनं तोंडात तेच जुनं वाक्य आलं, ते गिळलं. मग म्हणालो, "ताई, पांढरं मी उचललं. दाणेदार मी टाकलं. तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणालो, आणि पुढं सगळं कळल्यावर तुमच्या शेजारी बसून गप्प राहिलो. तुमचा हात हलका होता. मला क्षमा करा."